फिशिंगची तक्रार आणि फसलेल्यांना सावध करणं: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा ठाण्यात. निवृत्त झाल्यावर घोडबंदर रोडच्या आमच्या संकुलात ‘पैसे गेले? मग बी विंगच्या काकूंना विचारा’ असं होऊन बसलंय. हळूहळू कळव्यातून, ऐरोलीतून, खारघरहूनही मेसेज यायला लागले. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आत्ता, या क्षणी पैसे जात असतील तर बाकीचं वाचत बसू नका. थेट प्रश्न २ वर जा.

१. काकू, फिशिंग म्हणजे नक्की काय? ओळखायचं कसं?

बँकेच्या, वीज कंपनीच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावाने येऊन तुमच्याच हातून ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा अख्ख्या फोनचा ताबा काढून घेणं, हे फिशिंग. गळ त्यांचा, आमिष आपल्या रोजच्या काळजीचं. ‘बिल न भरल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल’ हा महावितरणच्या नावाचा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल. कळवा-मुंब्र्यात बिल टोरंटचं येतं, तरी तिथल्या एका बाईंना महावितरणच्या नावाने धमकी आली होती. चोरांना आपला भूगोल कच्चा असतो, हे आपलं नशीब. पाइप गॅसचं बिल, वाहतूक चलन, गाडीची नवी नंबरप्लेट, बँकेची केवायसी ही बाकीची नेहमीची आमिषं.

काही खुणा उपयोगी पडतात. बँक किंवा सरकारी खात्याचा एसएमएस साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तो नोंदवलेल्या नावाने येतो आणि नावाच्या शेवटी एस, टी, पी किंवा जी यांपैकी एक इंग्रजी अक्षर असतं. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपायला हवा, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. आणि यूपीआय पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन मागणारा चोरच.

व्हॉट्सॲपवरच्या बोधचिन्हाला मात्र काडीची किंमत देऊ नका. फोटो कुणीही लावतो.

२. खात्यातून पैसे गेले. आधी बँकेला फोन करू की १९३० ला?

१९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. घरात दोन माणसं आणि दोन फोन असतील तर एकाच वेळी दोन्हीकडे. एकटे असाल तर आधी १९३०, लगेच पाठोपाठ बँक.

कारण समजून घ्या. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिथून चार-पाच आणखी, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख. तुमची बँक तुमचं कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करू शकते. पुढच्या खात्यांवर तिचा हात पोहोचत नाही. १९३० च्या यंत्रणेत पोलीस आणि बँका एकमेकांना जोडलेल्या आहेत. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील त्या बँकेला ते अडवायला सांगितलं जातं. वाटेत जेवढं सापडेल तेवढं ‘होल्ड’ होतं.

फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. नोंद झाली की एसएमएसवर पोचपावती क्रमांक येतो. मग २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तपशील भरून तक्रार पूर्ण करायची. हा दुसरा टप्पा बरेच जण विसरतात.

नोकरीत असताना सगळ्यात वाईट वाटायचं ते सकाळी सव्वादहाला पासबुक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं. पैसे आदल्या रात्री आठला गेलेले, आणि हा शाखा उघडायची वाट बघत रात्रभर जागा.

३. १९३० लागतच नाही. गूगलवर दुसरा नंबर मिळाला, तिथे करू का?

गूगलवर सापडलेल्या नंबरवर अजिबात नको. ‘हेल्पलाइन’ म्हणून शोधणारा माणूस घाबरलेला असतो हे चोरांना ठाऊक आहे. त्यांनी तिथेही गळ टाकलेले असतात. १९३० व्यग्र असेल तर थेट पोर्टलवर तक्रार भरायला घ्या आणि मधूनमधून फोन लावत राहा. महाराष्ट्र सायबरची राज्याची हेल्पलाइन १९४५ आहे, तीही वापरा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

४. पैसे गेले नाहीत, नुसता मेसेज आला. डिलीट करून मोकळं व्हावं ना?

आधी कळवा, मग डिलीट करा. तुम्ही ओळखलंत, त्याच यादीतला पुढचा नंबर एखाद्या आजोबांचा असेल.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. फसवा फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेज तिथे नोंदवायचा. ती फक्त पैसे न गेलेल्यांसाठी आहे. पैसे गेले असतील तर प्रश्न २. नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर १९०९ या नंबरवर कळवा.

खोटी वेबसाइट असेल तर ब्राउझरमधूनच ‘फिशिंग’ म्हणून कळवा. गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’च्या यादीत ती गेली की पुढच्या माणसाला ती उघडताना लाल पडद्यावर इशारा दिसतो. अनोळखी माणसाला सावध करण्याचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही. शिवाय ज्या बँकेचं नाव वापरलंय त्या बँकेला आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला मेल टाका. फोनवर व्हॉट्सॲपमधलं ‘रिपोर्ट’ दाबण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण रिपोर्ट करताना चॅट पुसलं जाऊ शकतं.

५. पुरावा म्हणून काय काय ठेवायचं?

मेसेजचा स्क्रीनशॉट, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. वेबसाइटचा पूर्ण पत्ता. कॉलची यादी. बँकेचा डेबिट एसएमएस आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट. ईमेल असेल तर तो फॉरवर्ड करून न थांबता मूळ मेल तसाच इनबॉक्समध्ये राहू द्या. तो कुठून फिरत आला याची माहिती मूळ मेलच्या वरच्या भागात असते. आणि एका कागदावर घडलं ते क्रमाने लिहून काढा, त्याच दिवशी. चार दिवसांनी वेळा आठवत नाहीत.

फोन फॉरमॅट करायची घाई करू नका. पुरावाही जाईल. एपीकेचा (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलचा) मामला असेल तर प्रश्न ७.

६. मी ऐरोलीत राहते. जिल्हा ठाणे, मग तक्रार ठाणे पोलिसांकडे ना?

नाही. हा गोंधळ इतका होतो की खाडीच्या दोन्ही काठांना पाटी लावावीशी वाटते. दिघा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. खारघर, कामोठे, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात, पण पोलीस पुन्हा नवी मुंबईचेच. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर ठाणे आयुक्तालयात. मीरा रोड-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण त्यांचं आयुक्तालय २०२० पासून वसई-विरारबरोबर वेगळं झालंय. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीणमध्ये.

ऑनलाइन तक्रारीत हद्दीची चिंता करायची नाही. जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडलं की ती योग्य ठिकाणी जाते. प्रत्यक्ष गेलात आणि कुणी ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ नम्रपणे सांगा. दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरच्या पोलीस ठाण्यालाही नोंदवून घ्यावी लागते. यालाच लोक ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. दोन्ही आयुक्तालयांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तक्रारीसाठी तिथवरच गेलं पाहिजे असं नाही. जवळचं पोलीस ठाणं चालतं.

७. ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली, मी उघडली. पैसे अजून गेले नाहीत. आता?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं का बघा. तसं असेल आणि ‘इन्स्टॉल’ दाबलं असेल तर तुम्ही नुसती फाइल उघडली नाही, ॲप बसवलं. ते तुमचे एसएमएस वाचू शकतं, म्हणजे ओटीपी तुम्ही कुणाला सांगायचीही गरज उरत नाही.

फोन लगेच विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग थांबवा. मग ॲपचे आणि मेसेजचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवा आणि ॲपच्या यादीतून ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला दिलेला ‘डिव्हाइस ॲडमिन’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’चा अधिकार आधी काढावा लागतो. कॉल दुसरीकडे वळवले असण्याची शक्यता असते, म्हणून ॲप निघालं की विमान मोड काढून ##००२# डायल करा आणि सगळं फॉरवर्डिंग रद्द करा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. हे सगळं झालं की मग फोन खुशाल फॉरमॅट करा.

आणि एक. हे ॲप तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाइल पाठवू शकतं. म्हणून प्रश्न ९ मधला इशारा तुम्हीच, दुसऱ्याच्या फोनवरून, द्यायचा.

८. आत्याच्या व्हॉट्सॲपवरून ‘वीस हजार पाठव, संध्याकाळी देते’ असं आलं. तिचं खातं हॅक झालंय हे तिला कसं कळवू?

त्याच चॅटवर ‘आत्या, तुझं खातं हॅक झालंय का?’ असं विचारू नका. वाचणारा चोर आहे. तो म्हणेल, ‘नाही रे बाळा.’

साधा फोन लावा, व्हॉट्सॲप कॉल नको. फोन लागत नसेल तर काकांना, शेजाऱ्यांना, सोसायटीच्या वॉचमनला. जवळ राहत असाल तर सरळ जिना चढा. सावध करायचं ते नेहमी दुसऱ्या वाटेने. हा या पानावरचा सगळ्यात कामाचा नियम आहे.

आत्या सापडली की तिला व्हॉट्सॲपवर पुन्हा स्वतःच्या नंबरने नोंदणी करायला लावा. एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड टाकला की चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा टू-स्टेप पिन (खात्याचं दुसरं कुलूप) लावून ठेवला असेल तर आत्याला सात दिवस थांबावं लागेल, पण चोरही बाहेरच राहतो. नंबर तिचा आहे आणि चोर फक्त ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून घुसलाय असंही असतं. मग त्या यादीतून अनोळखी उपकरण काढून टाकायचं. शेवटी टू-स्टेप पिन स्वतः लावायचा.

दरम्यान तुम्ही काय करायचं? दोघांच्या ओळखीच्या लोकांना फोन. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत आम्ही तिघींनी नावं वाटून घेतली होती: माहेरचे एकीकडे, भिशीच्या बायका दुसरीकडे, मुलांच्या शाळेचा ग्रुप तिसरीकडे. पाऊण तासात सगळे झाले. तोवर तिच्या जावेने पाच हजार पाठवलेले होते, पण तिलाही लगेच १९३० वर बसवलं.

९. सोसायटीच्या ग्रुपवर इशारा टाकायचाय. कसा लिहू?

थोडक्यात आणि लिंक न देता. लोक ‘ही लिंक उघडू नका’ असं लिहून खाली चालू लिंकच चिकटवतात. आमच्याकडे असा इशारा वाचून दोघांनी ती ‘बघायला’ उघडली. पत्ता दाखवायचाच असेल तर स्क्रीनशॉट टाका.

नमुना हवा असेल तर असा: ‘आज मंगळवार, दुपारी ३ वाजता आपल्या विंगमधल्या दोघांना गॅस बिलाच्या नावाने एपीके फाइल आली आहे. मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आहे. फाइल बसवली असेल तर इंटरनेट बंद करून बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर १९३०. मदतीसाठी मला फोन करा, कितीही वाजले तरी.’

तारीख-वार घालाच, नाहीतर तोच मेसेज तीन वर्षं फिरत राहतो. ‘सर्वांना पाठवा’ लिहू नका. फसलेल्या माणसाचं नाव, फ्लॅट नंबर टाकू नका, त्याने परवानगी दिली तरी मी टाकत नाही. आणि ग्रुप बघत नाहीत असे जे पाच-सात म्हातारे प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांच्यासाठी लिफ्टमध्ये कागद चिकटवा. मोठ्या अक्षरात, मराठीत.

१०. फसवणाऱ्याचा नंबर आणि फोटो सगळीकडे व्हायरल करू का?

राग समजतो, पण नको. तो नंबर दुसऱ्याच्या कागदपत्रांवर काढलेला असू शकतो, खातं भाड्याने घेतलेलं असू शकतं आणि फोटो तर बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या अधिकाऱ्याचा किंवा भलत्याच माणसाचा. तुम्ही एका फसलेल्यालाच बदनाम कराल. नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक सायबरक्राइम पोर्टलवरच्या ‘सस्पेक्ट’ (संशयित) विभागात नोंदवा. एखादा नंबर आधी कुणी नोंदवलाय का, हेही तिथेच शोधता येतं.

११. वडील तीन तास खोलीचं दार लावून व्हिडिओ कॉलवर आहेत. ‘सीबीआय’ आहे म्हणतात, आमचं ऐकतच नाहीत.

हे फिशिंगच्या पुढचं प्रकरण आहे, पण सावध करण्याचा खरा कस इथेच लागतो. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असं काहीही नाही. कुठलीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, पैसे ‘पडताळणीसाठी’ मागत नाही. पण हे वाक्य दारातून ओरडून उपयोग नाही, कारण पलीकडच्याने त्यांना आधीच बजावलंय की घरच्यांना सांगाल तर त्यांनाही आत टाकू. तुमचा आवाज वाढला की ते आणखी घाबरतात. तुम्हाला वाचवायलाच ते गप्प आहेत.

खोलीत जा, शेजारी बसा. वाद घालू नका. वायफाय बंद करा, फोन हातात घेऊन कॉल तोडा. मग पाणी द्या. दार आतून बंदच असेल तर ११२ ला फोन करून पोलिसांना बोलवा. खऱ्या गणवेशातला एक हवालदार दारात उभा राहिला की खोट्या साहेबाचा जोर ओसरतो. पैसे आधीच गेले असतील तर दुसऱ्याने त्याच वेळी १९३० लावायचा.

शाखेत असताना एक आजी एफडी मोडायला आल्या होत्या. मुदत संपायला दीड महिना, कारण विचारलं तर ‘नातवाची फी’. फोन पर्समध्ये, आणि पर्सची चेन अर्धी उघडी. मी पे-इन स्लिपच्या मागे लिहिलं, ‘कुणी धमकावतंय? फक्त मान हलवा.’ त्यांनी मान हलवली नाही. पण डोळे भरून आले. मी पर्समधला फोन काढला, कॉल चालू होता, एक तास चाळीस मिनिटं. नंतर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो, ‘सुनेला सांगणार का?’

१२. माझ्या वहिनीचे अठरा हजार गेले, पण ती घरात सांगायलाच तयार नाही. तिच्या वतीने मी तक्रार करू का?

गुन्हा दखलपात्र असेल तर त्याची माहिती कुणीही पोलिसांना देऊ शकतं. पण १९३० वर तिच्या खात्याचे तपशील, तिच्या फोनवरचे एसएमएस लागतात. ती शेजारी नसेल तर गाडी अडते. म्हणून आधी तिला तयार करा.

‘कशाला क्लिक केलंस?’ हा प्रश्न गिळा. ‘किती वाजता गेले?’ हा विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस मिटतो, दुसऱ्याने कामाला लागतो. तिला सांगा की तक्रारीसाठी नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही लागत नाही. घरात कधी सांगायचं ते तिचं ती ठरवेल, पण तक्रार आजच.

१३. ओटीपी मीच सांगितला. बँक भरपाई देईल का?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याची चौकट घालून दिली. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच माहिती फुटली, आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे.

ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून तुमची चूक असली तरी पाच मिनिटं लवकर कळवण्याला किंमत आहे. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हे लेखी तक्रारीत जरूर लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य ऑनलाइन तक्रार करता येते. सहकारी बँकांच्या ग्राहकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं.

१४. ‘रक्कम होल्डवर आहे’ असं कळलं. खात्यात कधी येणार?

होल्ड म्हणजे परत नव्हे. बहुतेक वेळा पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागतो. पोचपावती क्रमांक घेऊन तपास अधिकाऱ्याला भेटा, कुठल्या बँकेत किती अडकलेत ते लिहून घ्या आणि रक्कम परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज कसा करायचा ते विचारा. छोट्या रकमेसाठी सुटसुटीत मार्ग आहे का, हेही तिथेच विचारा. चिवटपणा लागतो.

१५. मी तर दुकानदार. फसवलं कुणी, फसलं कुणी, आणि खातं माझं गोठलं!

जांभळी नाक्याजवळच्या एका किराणावाल्यांचं हेच झालं. गिऱ्हाइकाने क्यूआरवर सामानाचे पैसे दिले, ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीच्या साखळीतले निघाले. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याने खातं थांबवायला सांगितलंय ते लेखी मागा. परराज्यातलंही असू शकतं. त्या अधिकाऱ्याला बिल, मालाचा हिशेब आणि स्टेटमेंट मेलने पाठवून विनंती करा की फक्त वादातली रक्कम अडवावी, बाकी खातं मोकळं करावं. ‘दहा हजारांत खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

१६. खोट्या वेबसाइटच्या फोल्डरमध्ये इतर लोकांचे नंबर आणि पासवर्ड दिसले. मी त्यांना फोन करून सांगू?

आयटीतल्या मुलांचा हा प्रश्न. हेतू चांगला आहे, पण थांबा. अनोळखी माणसाने फोन करून ‘तुमचा पासवर्ड चोरीला गेलाय’ म्हटलं तर ते फिशिंगसारखंच ऐकू येतं. शिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच उलटू शकतं. जे सहज दिसलं त्याचा पत्ता आणि वेळ नोंदवा, यादी उतरवू नका. सर्ट-इनला, संबंधित बँकेला आणि पोर्टलवर कळवा. बँक आपल्या ग्राहकांची खाती सुरक्षित करू शकते, तुम्ही नाही.

खोटं पान एखाद्या खऱ्या छोट्या दुकानाच्या वेबसाइटवर लपवलेलं असेल तर त्या मालकाला दुकानाच्या पाटीवरच्या नंबरवर फोन करा. बिचाऱ्याला बहुधा पत्ताच नसतो.

१७. ऑफिसच्या मेलवर फिशिंग आलं आणि मी पासवर्ड टाकला. गुपचूप बदलला तर चालेल ना?

नाही. आयटी विभागाला त्याच मिनिटाला सांगा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांना अशा घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. तुमच्या गुपचूपपणात ते सहा तास जातात.

१८. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ असा फोन आला. त्यांना रक्कमही बरोबर माहीत होती!

रक्कम माहीत असणारच. ज्यांनी चोरली तेच असतील किंवा त्यांनी यादी विकली असेल. ‘फाइल चार्ज’, ‘जीएसटी’, ‘वकील फी’ आधी मागितली की फोन ठेवा. पोलीस किंवा १९३० तक्रारीसाठी पैसे घेत नाहीत. एकदा फसलेल्याला पुन्हा फोन येतो, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

१९. आठ महिन्यांपूर्वीचं आहे. आता तक्रार करून काय उपयोग?

पैसे परत यायची आशा कमी, पण तक्रार करता येते. तुमच्याकडे असलेला खाते क्रमांक दुसऱ्या कुणाच्या तक्रारीशी जुळू शकतो. नेरूळच्या एका काकांनी नऊ महिन्यांनी तक्रार भरली, चार हजार दोनशे रुपयांची. महिन्याभराने त्यांना परराज्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला: त्याच खात्यावर आणखी तक्रारी आहेत, तुमचा जबाब पाहिजे. काका आधी त्यालाही फसवणूकच समजले आणि फोन ठेवून मला फोन केला. मग आम्ही त्या पोलीस ठाण्याचा नंबर तिथल्या राज्य पोलिसांच्या वेबसाइटवरून काढला आणि उलट फोन लावला. खरेच निघाले.